गाडी कुठवर आली?

यवतमाळ जिल्ह्यातील शिक्षकांशी गप्पा मारण्याची संधी आम्हांला अधूनमधून मिळते. अशाच एका बैठकीत आम्ही एक साधा प्रश्न विचारला होता. मोबाईलच्या पडद्यावर नकाशा असतो, त्यावर एक ठिपका सरकत असतो आणि तो ठिपका म्हणजे आपली गाडी असे आपण धरून चालतो. गाडी नेमकी त्याच जागी आहे हे मोबाईलला कळते कसे? बहुतेकांनी एकच उत्तर दिले, "वरून उपग्रह पाहतो." एक गुरुजी तर म्हणाले, "उपग्रहाची नजर असते म्हणून तर ड्रायव्हर मंडळी आता जपून चालवतात."

हे उत्तर चूक आहे. विज्ञानाच्या पेपरात त्याचा एखादा गुण जाईल, पण चूक तेवढ्यावर संपत नाही. उपग्रहच पाहतो असे एकदा मानले, की ठिपका दिसेनासा झाल्यावर आपण आभाळाकडे बोट दाखवतो आणि ज्याला प्रश्न विचारायला हवा तो बाजूलाच राहतो. म्हणून 'जोडलेली वाहने' या नावाने सध्या ज्या तंत्राचा बराच गाजावाजा चालतो, त्याची थोडी चिकित्सा करावी असे आम्हांला वाटले. मालमोटारी, एस.टी., शाळेच्या गाड्या, भाड्याच्या जीपा, सगळ्यांवर हे तंत्र आले आहे किंवा येऊ घातले आहे.

आधी उपग्रहाचे पाहू. कल्पना करा की एका सपाट मैदानाच्या तीन टोकांना तीन जिनिंगचे कारखाने आहेत आणि तिघांचे भोंगे बरोबर आठ वाजता वाजतात. आपण मैदानात कुठेतरी उभे आहोत. एक भोंगा आठ वाजून तीन सेकंदांनी ऐकू आला. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे तो कारखाना आपल्यापासून हजार-एक मीटरवर आहे. दुसऱ्या भोंग्यावरून दुसरे अंतर मिळाले. कागदावर दोन वर्तुळे काढली की आपली जागा जवळपास ठरली. मात्र आपले घड्याळ एक सेकंद पुढे असेल, तर प्रत्येक अंतर ३४० मीटरने चुकेल. तिसरा भोंगा लागतो तो यासाठी. तीन अज्ञात राशी (पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण आणि घड्याळाची चूक), म्हणून तीन समीकरणे. उपग्रहांच्या बाबतीत उंचीची भर पडते आणि भोंगे चार लागतात. बाकी तत्त्व तेच.

अमेरिकेच्या जी.पी.एस. प्रणालीचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून असे रेडिओ 'भोंगे' वाजवत फिरतात. डोक्यावरच्या उपग्रहाचा संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. प्रकाशाच्या वेगाने चाललेल्या या हिशेबात घड्याळ एक मायक्रोसेकंद चुकले तर अंतर ३०० मीटरने चुकते. म्हणूनच उपग्रहांत अणुघड्याळे ठेवावी लागतात. आइनस्टाइनच्या सापेक्षतावादानुसार या घड्याळांत रोज जो ३८ मायक्रोसेकंदांचा फरक पडतो, त्याची दुरुस्तीही आधीच केलेली असते. भारताच्या 'नाविक' प्रणालीला घड्याळांचे महत्त्व चांगलेच महागात पडून कळले. २०१३ साली सोडलेल्या तिच्या पहिल्या उपग्रहातील तिन्ही अणुघड्याळे पुढे बंद पडली. २०२३ मध्ये स्वदेशी अणुघड्याळ असलेला एन.व्ही.एस.-०१ कक्षेत पोचला. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एन.व्ही.एस.-०२ मात्र ठरलेल्या कक्षेत जाऊ शकला नाही. तेव्हा गाडीतल्या यंत्रावर 'नाविक' लिहिलेले आहे एवढ्यावरून स्थान आपल्याच उपग्रहांनी सांगितले असे समजू नये. यंत्र ज्याचा भोंगा ऐकू येईल त्याचा ऐकते.

ध्यानात ठेवायची गोष्ट अशी, की आपला आवाज कुणी ऐकला हे भोंग्याला ठाऊक नसते. यवतमाळहून आर्णीकडे एक गाडी चालली आहे याची उपग्रहाला गंधवार्ताही नसते. स्थान काढते ते गाडीतले यंत्र, आणि ते कळते फक्त त्या यंत्राला. तेथून पुढे त्यात उपग्रहाचा काही संबंध नाही. यंत्रात एक सिमकार्ड असते. ते जवळच्या मोबाईल मनोऱ्यामार्फत स्थानाची नोंद कुठल्यातरी दूरच्या संगणकाला पाठवते. तो संगणक ज्याला दाखवायचे त्याला दाखवतो. म्हणजे ठिपका आपल्यापर्यंत येण्यात तीन दुवे आहेत: आकाश, मनोरा आणि संगणकाचा मालक. आकाशाचा दुवा सहसा तुटत नाही. झरी-जामणीच्या किंवा पैनगंगेच्या काठच्या जंगलपट्ट्यात तुटतो तो मनोऱ्याचा. आणि तिसरा दुवा जोडायचा की नाही, हे माणसे ठरवतात.

आता ज्या नियमाने ही यंत्रे आली त्याकडे वळू. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर सार्वजनिक वाहनांतील स्त्रियांच्या सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आला. नोव्हेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५-एच हा नियम घालण्यात आला आणि पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने त्यासाठीचे मानक प्रसिद्ध केले. ते 'ए.आय.एस. १४०' या नावाने ओळखले जाते. १ जानेवारी २०१९ पासून नोंद होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थानदर्शक यंत्र आणि संकटकाळी दाबायचे बटण बंधनकारक झाले. एस.टी. महामंडळानेही २०१९ पासून आपल्या गाड्यांवर टप्प्याटप्प्याने अशी यंत्रणा बसवायला घेतली.

तांत्रिक दस्तऐवज म्हणून हे मानक चांगले आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. गाडी चालू असताना दर पाच सेकंदांना नोंद पाठवता यावी, मोबाईलचा संकेत नसेल तर ४०,००० नोंदी यंत्रातच साठवाव्यात आणि संकेत मिळताच त्या पाठवाव्यात, अशी त्यात तरतूद आहे. पाच सेकंदांना एक या दराने ४०,००० नोंदी म्हणजे दोन लाख सेकंद, साधारण साडेपंचावन्न तास. उमरखेडच्या बंदीभागात एखादी मुक्कामी गाडी रात्रभर संकेताविना उभी राहिली तरी तिचा प्रवास पुसला जाणार नाही. दुसऱ्या दिवशी गाडी मोठ्या रस्त्याला लागली की सगळा हिशेब आपोआप जमा होईल.

पण हा हिशेब कुणाच्या उपयोगाचा? आगाराच्या व्यवस्थापकाला काल संध्याकाळी गाडी कुठे थांबली हे आज सकाळी कळले तरी चालते. मालमोटारीच्या मालकालाही चालते; चालकाने वाट वाकडी केली का, डिझेल कुठे कमी झाले, हे त्याला दोन दिवसांनी कळले तरी तो पगारातून कापू शकतो. पोलिसांच्या तपासालाही जुनी नोंद पुरते. थांब्यावर उभ्या असलेल्या प्रवाशाला मात्र उशिरा आलेली नोंद म्हणजे कालचे वर्तमानपत्र. मानकात माहिती हरवू नये याची जेवढी काळजी घेतली आहे, तेवढी ती प्रवाशापर्यंत वेळेवर पोचावी याची घेतलेली नाही. ठिपका प्रवाशाला दाखवायचा की नाही, हे वाहन चालवणाऱ्या संस्थेच्या मर्जीवर राहिले. हे तंत्र मुळात हिशेबनिसासाठी बांधले गेले आणि प्रवाशाला त्याच्या पंगतीला नंतर बसवले, असे आमचे मत आहे.

नियमाच्या अपवादांकडेही पाहावे. दुचाकी, ई-रिक्षा, तीनचाकी वाहने आणि ज्यांना परवाना लागत नाही अशी वाहने यांना १२५-एच लागू नाही. शहरात बसून वाचले तर हे अपवाद किरकोळ वाटतील. पण तालुक्याच्या गावापासून आतल्या खेड्यापर्यंत शेवटचे पाच-सात किलोमीटर माणसे कशाने जातात? बहुधा तीनचाकीनेच. काळी-पिवळी जीप परवान्याची असली तर नियमात बसते. पण २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांचे काय करायचे हा निर्णय राज्यांवर सोपवला होता. म्हणजे भीती वाटावी अशा वेळी आणि अशा रस्त्यावर मुलगी ज्या वाहनात बसते, नेमके तेच नियमाबाहेर राहण्याची शक्यता जास्त.

(जाता जाता: हल्ली अहवालांतून 'सामायिक प्रवास' ही कल्पना फार नवी म्हणून मांडली जाते. अनेकांनी मिळून एक वाहन वापरावे, ठरावीक वेळापत्रक नसावे, गरजेप्रमाणे गाडी सुटावी. आमच्या जिल्ह्यात हे काम काळी-पिवळी कित्येक वर्षे करते आहे. तिची माहितीयंत्रणा म्हणजे दारात उभे राहून "वणी, वणी, वणी" असे ओरडणारा पोरगा. गाडी भरली की सुटते. किती जागा रिकाम्या आहेत ते डोळ्यांनी दिसते. नऊच्या जागी पंधरा कोंबतात हे खरे, आणि ते धोक्याचे आहे हेही खरे. पण ती माहिती खोटी नसते.)

मालमोटारींच्या धंद्यात हे तंत्र सर्वांत आधी आणि सर्वांत जोमाने रुजले. वणीच्या पट्ट्यातून कोळसा निघतो, जिल्हाभरातून कापसाच्या गाठी निघतात आणि नागपूर-हैदराबाद महामार्ग पांढरकवड्यावरूनच जातो. मालकाला गाडी कुठे आहे ते कळणे यात वावगे काही नाही. रात्री गाडी बंद पडली तर मदत लवकर मिळते, चोरी झाली तर माग लागतो. आमचा आक्षेप आहे तो पुढच्या पायरीला. यंत्रात त्वरणमापक बसवतात आणि चालकाने 'करकचून' ब्रेक लावला की त्याच्या नावावर एक दोष चढतो. हा उंबरठा सामान्यतः गुरुत्वत्वरणाच्या एक तृतीयांश ते निम्म्याच्या दरम्यान ठेवलेला असतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. पाच सेकंदांत थांबायचे तर मंदन सेकंदाला ३.३ मीटर प्रति सेकंद, म्हणजे गुरुत्वत्वरणाचा तिसरा हिस्सा. आणि तेवढ्यात गाडी सुमारे ४२ मीटर पुढे जाते.

टिपेश्वरच्या बाजूला रात्री रस्त्यावर अचानक रोही आला, तर शहाणा चालक काय करील? ब्रेक लावील. यंत्र काय नोंदवील? दोष. दुसरा चालक ब्रेक न लावता शेजारच्या पट्ट्यात गाडी घालून निसटला, तर त्याच्या नावावर कदाचित काहीच चढणार नाही. मोजले ते मंदन. नाव दिले 'बेजबाबदार चालवणे'. राशी आणि तिचा अर्थ यांत हे जे अंतर आहे, ते विज्ञानाच्या शिक्षकाने विद्यार्थ्यांना दाखवून द्यावे असे आहे. तापमापक ताप दाखवतो, मलेरिया दाखवत नाही. शिवाय या मोजणीत चालकाला किती तास झोप मिळाली आणि माल पोचवायची मुदत कुणी ठरवली, याचा रकानाच नसतो.

गाड्यांनी एकमेकींशीच बोलावे, पुढच्या गाडीने ब्रेक लावताच मागचीला रेडिओने कळावे, हा या तंत्राचा खरा पराक्रम मानला जातो. अमेरिकेने १९९९ साली त्यासाठी ५.९ गिगाहर्ट्झजवळचा ७५ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा राखून ठेवला. वीस वर्षांत गाड्या फारशा बोलल्या नाहीत, आणि २०२० मध्ये त्यातला ४५ मेगाहर्ट्झ परत काढून इतर वापरासाठी देण्यात आला. कारण गणितात आहे. शंभरातल्या दहा गाड्यांत यंत्र असेल, तर समोरासमोर येणाऱ्या दोन्ही गाड्यांत यंत्र असण्याची संभाव्यता दहा टक्के नसते, ०.१ गुणिले ०.१, म्हणजे एक टक्का असते. निम्म्या गाड्यांत बसवले तरी पाव भागच काम होते. आमच्या रस्त्यांवर तर हंगामात कापसाच्या बैलबंड्या रात्री चालतात. बैलबंडीला सिमकार्ड नसते. तिच्या मागे तांबडी चकाकणारी पट्टी लावली तर मागून येणाऱ्या प्रत्येक दिव्याच्या गाडीला ती दिसते. येथे संभाव्यतेचा गुणाकार करावा लागत नाही.

आता पुन्हा एस.टी.कडे येऊ, कारण शिक्षकांचा रोजचा संबंध तिच्याशीच येतो. गाडी कुठवर आली हे प्रवाशाला दिसले तर फायदा होतो, याला चांगला पुरावा आहे. अमेरिकेतील सिएटल शहरात अशी सोय वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या प्रवाशांची तुलना करून संशोधकांनी २०११ साली एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती नसलेल्यांना वाट पाहण्याचा काळ प्रत्यक्षापेक्षा लांब वाटत होता. माहिती असलेल्यांना तसा वाटत नव्हता, आणि ते थांब्यावर थांबतही कमी होते. निष्कर्ष विश्वासार्ह आहे. पण तो तसाच उचलून मारेगाव किंवा घाटंजीच्या आतल्या थांब्यावर आणता येत नाही. वाट पाहण्याचा काळ मिनिटांत मोजायचा असतो तेथे प्रश्न असतो 'गाडी कधी येईल?' ज्या गावाला दिवसातून दोन फेऱ्या आहेत तेथला प्रश्न वेगळा असतो: 'गाडी येणार का?'

आणि या प्रश्नाचे उत्तर ठिपक्याजवळ नाही. स्थानदर्शक यंत्र धावणाऱ्या गाडीचे स्थान सांगते. जी फेरी सुटलीच नाही तिचा ठिपका कुठे दिसणार? गाडी नादुरुस्त झाली, चालक नाही, वाहक नाही, जत्रेला किंवा सभेला गाड्या गेल्या. आषाढीला पंढरपूरसाठी ज्या जादा गाड्या सुटतात त्याही कुठल्यातरी आगारातून काढलेल्याच असतात. अशा वेळी प्रवाशाला पडद्यावर काय दिसते? काहीच नाही. ते 'काहीच नाही' म्हणजे गाडी रद्द झाली, की यंत्र बिघडले, की घाटात संकेत तुटला? तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. विज्ञानात आपण शून्य वाचन आणि वाचनच नसणे यांत काटेकोर फरक करतो. येथे तो पुसला जातो. २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या संपात तर बहुसंख्य गाड्या आगारातच उभ्या होत्या. त्या काळात गाडी कुठे आहे हे सांगायला यंत्र लागत नव्हते, आणि सांगून उपयोगही नव्हता.

मानव विकास कार्यक्रमातील निळ्या गाड्या आठवीपासून बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी आहेत, हे आपणांस ठाऊक आहेच. संध्याकाळची फेरी आली नाही की काय होते, तेही शिक्षकांना सांगायला नको. मुली अंधार पडेपर्यंत थांबतात, कुणाच्यातरी तीनचाकीने जातात किंवा चालत निघतात. असे महिन्यातून तीन-चारदा झाले की एखादे वडील म्हणतात, "आता पुरे झाली शाळा." त्या मुलीला गाडी कोणत्या अक्षांश-रेखांशावर आहे हे नको असते. आज संध्याकाळची गाडी सुटणार नाही, हे तिला दुपारी दोनला कळायला हवे असते. मग मुख्याध्यापक काही व्यवस्था करू शकतात, घरून कुणी येऊ शकते.

ही माहिती अस्तित्वात नाही असे नाही. रद्द फेऱ्यांची आणि रद्द किलोमीटरची नोंद प्रत्येक आगारात ठेवावीच लागते. वाहतूक नियंत्रकाला ती गाडी सुटायच्या वेळेआधी बरेचदा माहीत असते. ती बाहेर सांगायला उपग्रह लागत नाही, अणुघड्याळ लागत नाही. एका माणसाने एक खूण करायची आणि ती सर्वांना दिसायची, एवढेच. बसगाड्यांची वेळापत्रके संगणकाला वाचता येतील अशा एकाच साच्यात लिहिण्याची पद्धत २००५ साली अमेरिकेतील पोर्टलँड शहराच्या परिवहन संस्थेने आणि गूगलने मिळून सुरू केली. जगभर आता ती रूढ आहे, आणि चालू घडामोडी कळवण्यासाठी तिची जी पुरवणी आहे, तिच्यात 'फेरी रद्द' असे लिहिण्याची स्वतंत्र सोय आहे. दिल्लीने २०१८ साली आपल्या बसगाड्यांची अशी माहिती कुणालाही वापरता येईल अशी खुली केली. म्हणजे साचा तयार आहे, उदाहरण देशातच आहे. रद्द फेरी जाहीर करण्यात अडचण आहे ती वेगळ्या प्रकारची. ठिपका सरकताना दाखवला की संस्थेची कार्यक्षमता दिसते; रद्द फेरी दाखवली की तिची उणीव दिसते. आपली उणीव स्वतःच्याच फलकावर लावायला कुठली संस्था आनंदाने तयार होईल?

कुणी विचारील, की ही सारी टीका करून शिक्षकाने करायचे काय? आम्ही एक उद्योग सुचवतो. नववीच्या चार-पाच मुलामुलींना एक वही द्यावी आणि शाळेजवळच्या थांब्यावरील फेऱ्यांची नोंद महिनाभर ठेवायला सांगावे. तीन रकाने पुरेत: वेळापत्रकातील वेळ, गाडी आल्याची वेळ आणि 'आलीच नाही'. मोबाईलवर ठिपका दिसत असेल तर चौथा रकाना करून तो काय सांगत होता तेही लिहावे. घड्याळे आधी एकमेकांशी जुळवून घ्यावीत. भोंग्याचे उदाहरण येथे पुन्हा सांगता येईल. महिन्याच्या शेवटी वर्गात सरासरी उशीर काढायला लावावे.

येथे मुले अडतील, आणि अडावीत. सात मिनिटे उशीर, बारा मिनिटे उशीर, चाळीस मिनिटे उशीर, हे आकडे मिळवून भागता येतात. पण जी गाडी आलीच नाही तिचा उशीर किती धरायचा? शून्य धरला तर सरासरी सुधारते आणि न येणारी गाडी वक्तशीर ठरते. तो दिवसच गाळला तरी सरासरी सुधारते. अनंत धरला तर सरासरी निघतच नाही. काही मुलांना मध्यकाची आठवण होईल: सर्व फेऱ्या उशिराच्या क्रमाने मांडा, न आलेल्या सर्वांत शेवटी ठेवा आणि मधली उचला. निम्म्याहून जास्त फेऱ्या आल्या असतील तर तिला काही आकडा असेल. ती वही मग आगारप्रमुखांना दाखवायला न्यावी, आणि न्यायला मुलींना पाठवावे.